गावात वीज हाय

आमच्या उंबरपाड्यात वीज हाय. हसताय काय? विजेच्या ऑफिसात जाऊन विचारा, सगळे हेच सांगतील. फक्त इथं पाड्यावर येऊन कोणी सांगू नये, कारण इथं मी हाय, आणि माझं तोंड कसं हाय ते पडघ्याच्या बाजारात मासळीवाल्यांना विचारा.

मी जानकीबाई. दिघाशीच्या अलीकडं एस्टीतून उतरून बांधावरून चालत आलात की पहिलं घर माझंच. नवरा कधीच गेला. एक मुलगा महादू, सून चंद्रा, नात बकुळा, एवढाच माझा प्रपंच. भाताची खाचरं हायत. त्यातल्या एका खाचरात विजेचा लोखंडी टॉवर उभा हाय, ताडापेक्षा उंच. पडघ्याच्या बाजूनं तारा येतात, माझ्या डोक्यावरून जातात आणि पुढं जिथं जायचं तिथं जातात. पावसाळ्यात त्या गुणगुणतात. आम्ही खाली रॉकेलच्या चिमणीपाशी भाकऱ्या थापतो. हाय की न्हाय गंमत? पंगत शेजारच्या अंगणात, आणि आम्ही कुंपणाशी वास घेत उभे.

तर सत्त्याऐंशी साली सरकारची योजना आली. गावातलं शेण एका मोठ्या विहिरीत टाकायचं आणि वर लोखंडी ढोल पालथा घालायचा. शेण कुजलं की गॅस होतो, गॅसनं ढोल वर उचलला जातो, नळीनं गॅस इंजिनात जातो, जोडीला थोडं डिझेल, आणि इंजिन फिरलं की वीज. हे मला राघोनं समजावलं. राघो बौद्धवाड्यातला, आयटीआय शिकलेला फिटर, त्याला इंजिनावर नेमला होता. त्या गॅसला मिथेन म्हणतात हेपण त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, नाव काय पण ठेव बाबा, उजेड पडू दे.

आणि पडला की! पहिलं वर्ष काय सांगू तुम्हाला. घरटी दोन बल्ब, विहिरीवर पंप. बौद्धवाड्यापर्यंत तार न्यायचं कोणाच्या डोक्यातच नव्हतं, ती राघोनं स्वतः खांबावर चढून ओढली. पहिल्या संध्याकाळी मी बल्बकडं बघत बसले आणि चुलीवर भात करपला. चंद्रा लग्न होऊन आली ती त्याच उजेडात. माहेरी जाऊन सांगायची, माझ्या सासरी बटण दाबलं की लागतं. पोरगी नाकानं कांदे सोलायची, पण मला बरं वाटायचं.

मंग चैत्र आला. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या जागी आधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, फांद्या रचायच्या, वर माती पसरायची आणि द्यायचं पेटवून. राब न्हाय तर रोप न्हाय, रोप न्हाय तर भात न्हाय. आता शेण राबाला घालायचं का विहिरीत? योजनेचे गॅसवाले म्हणाले, विहिरीतून शेणाची जी रबडी बाहेर पडते तीच शेतात घाला, खत म्हणून जास्त चांगली. आमचे म्हातारे म्हणाले, "गॅस काढून घेतल्यावर त्यात राहिलं काय, चोथा? आणि ती रबडी पेटणार कशी?" मीपण तेच म्हणाले. तुम्हीच सांगा, चिखल कधी पेटतो का?

सगळ्यांनी शेण घरात ठेवलं. इंजिन खोकायला लागलं, मंग एक दिवस गप्प बसलं. दुसऱ्या पावसाळ्यात ढोलाला गंज चढून त्याची चाळणी झाली. राघो डांबर लावून ठिगळं मारायचा, ती आठवडाभर टिकायची. गॅसवाल्यांकडं गेलो तर ते म्हणाले, योजना संपली. सरपंच केसरीनाथनं त्या विहिरीच्या कडेलाच म्हशींचा तबेला टाकला. दूध भिवंडीला जायला लागलं, आणि तबेला धुतलेलं सगळं शेणपाणी त्यानं पाट काढून त्या विहिरीत सोडलं. त्याला फुकटची मोरी मिळाली. विहीर दिवसरात्र बुडबुडे सोडायची, गॅस व्हायचा आणि ढोलाच्या भोकांतून आभाळात जायचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं तर कुत्र्यालाही काही मिळत नव्हतं, सगळं वाऱ्याला.

आता माझ्या जिवाची गोष्ट ऐका. महादू भिवंडीत कापडाच्या लूमवर होता. बारा तासांची शिफ्ट, एका खोलीत इतकी माणसं की पाळीपाळीनं झोपायची. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा घरी यायचा. कानात खटखट बसलेली, आपण बोललं की ओरडायचा, "क्या? क्या बोली?" मी म्हणायचे, "मेल्या, आईशी मराठीत बोल." एक्क्याण्णव साली होळीला आला तो नाचतच आला. त्याचा शेठ दोन जुन्या लूम आमच्या पडवीत टाकून द्यायला तयार होता. सूत तो पाठवणार, कापड तो उचलणार. महादू घरी बसून काम करणार, चंद्रा सुताच्या कांड्या भरणार.

"शेठ बोलतो, लाईट तुम्हारा, लूम मेरा," महादू म्हणाला. "पण आये, तो दिवाळीपर्यंतच थांबेल. मंग लूम दुसऱ्याला देईल."

"आणि मंग तू?"

"मंग मी भिवंडीत खोली बघतो आणि यांना घेऊन जातो. बकुळा मला बघून रडते आये. तिला मी पाहुणा वाटतो."

मी विचारलं, डिझेलवर न्हाय का चालत लूम? तो म्हणाला, चालतात, पण मंग कापड सोन्याच्या भावात विकावं लागेल. म्हणजे बघा, गोष्ट सरळ होती. दिवाळीच्या आत खरी वीज आली तर माझा पोरगा घरी. न्हायतर माझं घर रिकामं. मी देवाकडं आयुष्यात फार मागितलेलं न्हाय, पण त्या वर्षी त्याचं डोकं खाल्लं.

राघोनं विजेच्या लाईनसाठी गावाचा अर्ज लिहून दिला, सगळ्यांनी अंगठे दिले. महिन्याभरात निरोप आला की वैशाखात विजेच्या ऑफिसचा साहेब गाव बघायला येणार. मारुतीच्या पारावर बैठक बसली. मी म्हटलं, चिमण्या दाखवू, काळी झालेली भिंत दाखवू. तर केसरीनाथ हसला.

"वयनी, मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण काय करतो? फाटकी गोधडी दाखवतो काय? शेजारची तांब्याची भांडी आणून मांडतो, पोरीला मावशीच्या पाटल्या घालतो. समोरच्याला वाटलं पाहिजे, घर चांगलं हाय, इथं सोयरीक करायला हरकत न्हाय. दळभद्री घराशी कोण नातं जोडतो? आपण इंजिन चालू करून दाखवू. साहेब म्हणेल, वा, या लोकांना विजेची कदर हाय, यांना लाईन दिली पाहिजे."

सगळ्यांच्या माना हलल्या. हलणारच. आमच्याकडं प्रत्येक सोयरीक अशीच जमलेली. चंद्राला बघायला गेलो तेव्हा तिच्या घरी मांडलेल्या पितळी समया मला नंतर कधी दिसल्या न्हायत. मी विचारलं न्हाय, कारण त्यांना दाखवलेला आमचा पलंगपण केसरीनाथचाच होता.

मंग गाव कामाला लागलं. ऐन राबाचे दिवस, तरी आम्ही बायकांनी शेणाच्या पाट्या भरभरून विहिरीत ओतल्या. कित्येकांचे राब त्या वर्षी अर्धेच भाजले. डिझेलसाठी ज्याला जमेल तसं त्यानं दिलं. महादूनं भिवंडीतून जाडं कापड आणलं, राघोनं ते डांबरात भिजवून ढोलाचं एकेक भोक बुजवलं. इंजिन त्यानं असं पुसलं की त्यात तोंड बघून घ्यावं. हळूहळू ढोल वर आला. राघो त्याच्यावर हात ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "काकी, भरतोय हां."

साहेब आला तो भर दुपारी, जीपमधून. तरुण होता, बोलायला गोड. केसरीनाथनं हार घातला, नारळ दिला. राघोनं हँडल मारलं आणि इंजिन एका दमात सुरू झालं. टाळ्याच पडल्या! वैशाखाचं ऊन आणि त्यात गावभर बल्ब लागलेले. रस्त्यात, पारावर, गोठ्यात. साहेब घराघरातून फिरला. माझ्या पडवीत पोहे खाल्ले.

"काकू, रोज असते का वीज?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत केसरीनाथ म्हणाला, "असते की साहेब. अडीअडचण सोडली तर काही त्रास न्हाय." मुलीचा बाप सांगतो न्हाय का, पोरीला सगळा स्वयंपाक येतो, तस्सा.

महादू त्या दिवशी खाडा करून आला होता. तो पुढं झाला. "साहेब, लूम टाकायच्यात. याच्यावर लूम न्हाय चालणार."

"बघू ना," साहेब म्हणाला. "पण खरं सांगू? फार छान चालवलंय तुम्ही. शेणावर अख्खं गाव! कितीतरी गावांत अजून दिवा नाही हो." आणि त्यानं राघोची पाठ थोपटली. राघोच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळा पाडा खूश. केसरीनाथ जीपमागं हात जोडून धावला.

जीपची धूळ बसली नसेल तोच ढोलावरचं डांबर उन्हानं वितळलं. एकेक ठिगळ सुटलं, फूस करून गॅस गेला, ढोल खाली बसला आणि इंजिनानं दोन आचके दिले. कोणाला वाईट वाटलं न्हाय. काम झालं होतं ना.

श्रावणात कळलं, काय काम झालं ते. लाईन मंजूर न्हाय. मी राघोला घेऊन भिवंडीच्या ऑफिसात गेले. तिथला बाबू सज्जन होता, त्यानं बसायला खुर्ची दिली.

"काकू, तुमच्या गावात वीज आहे."

"न्हाय हो दादा, न्हाय."

"साहेब स्वतः बघून आले. दिवसासुद्धा दिवे चालू होते म्हणाले. आता आधी अंधारातली गावं, मग तुम्ही."

"अरे बाबा, आम्ही अंधारातच हाव! ते सगळं मांडलेलं होतं. दाखवायला."

"म्हणजे?"

आता कसं सांगायचं? मी मुलगी बघायची गोष्ट सांगितली, भांड्यांची, पाटल्यांची. तो हसला, शेजारच्या टेबलावरचापण हसला. मंग त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, "असं करा, गॅसवाल्या खात्याच्या माणसाला सांगू द्या की तुमचं यंत्र बंद पडलंय. मग साहेबांशी बोलता येईल." बाहेर आल्यावर मी राघोला म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच रे."

गॅसवाल्या माणसासाठी किती खेटे घातले विचारू नका. तो यायच्या आत विहीर मेली पाहिजे म्हणून मी केसरीनाथच्या दारात जाऊन बसले. त्याला म्हटलं, तुझ्या म्हशींचा पाट बंद कर, न्हायतर तुझ्या दारातून उठत न्हाय. तसा तो वाईट न्हाय. त्यानं मुकाट्यानं पाट वळवला, शेण परसात साचू दिलं, माशा सोसल्या. पण विहीर कुठली मरते! रोज सकाळी जाऊन बघायचे, बुडबुडे हायतच. राघो म्हणाला, "काकी, आत शेण पडून हाय. ते कित्येक महिने गॅस सोडत राहणार."

"मंग काढू या उपसून."

"आत उतरला तो माणूस वर येणार न्हाय. गॅस हाय तो."

आश्विनात तो माणूस आला. पिकलेल्या केसांचा, थकलेला. त्यानं बुडालेला ढोल बघितला, भोकं बघितली, गंजून अडकलेलं इंजिन बघितलं. चक चक केलं. माझ्या जिवात जीव आला. मंग त्यानं नळीची चावी फिरवली, खिशातून काड्यापेटी काढली आणि काडी ओढली. वीतभर निळी ज्योत उभी राहिली, उन्हात जेमतेम दिसणारी.

"बाई, ज्योत आहे," तो म्हणाला.

मी पुढं झाले आणि फुंकर घातली. विझली. "आता न्हाय."

त्यानं परत काडी ओढली. परत लागली. मी परत फुंकली. वेड्यासारखी फुंकत होते मी, पदर खाली पडलेला. राघोनं मला धरून बाजूला घेतलं.

"बाई, मी काय करू?" तो माणूस म्हणाला. "गॅस येतो तोवर यंत्र बंद असं मला म्हणता येत नाही. दुरुस्तीची गरज आहे, एवढं म्हणू शकतो."

"मंग करा दुरुस्ती."

"दुरुस्तीची योजना संपली."

"मंग लाईन द्या."

"ते आमच्याकडं नाही."

राग कोणावर काढायचा सांगा. साहेब गोड, बाबू सज्जन, हा बिचारा चहासुद्धा न घेता निघाला. कोणी एक हरामखोर असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या मी. पण सगळी चांगलीच माणसं, आणि माझं घर बसत चाललेलं.

दिवाळी आली. महादूनं फराळ खाल्ला न्हाय. शेठनं लूम दुसऱ्या कोणाला दिल्या होत्या. भाऊबीज झाल्यावर त्यानं भांडी पोत्यात भरायला घेतली. मी भांडले, शिव्या दिल्या, चंद्राच्या आईबापाचा उद्धार केला, तिचा काय दोष? ती रडत भांडी पुसत होती. शेवटी मी महादूच्या पाया पडले. आईनं पोराच्या! तो मटकन खाली बसला.

"आये, असं करू नको गं. मी काय करू? तूपण चल."

"आणि गुरं? खाचरं? तुमच्या त्या खोलीत मी कुठं मावणार?"

तो उठून पोत्याचं तोंड बांधायला लागला. बकुळा चंद्राच्या कडेवर होती, ती मला हात हलवून टाटा करत होती. तिला वाटलं, बाजारालाच चाललोय.

त्यानंतर काही बदललं न्हाय. अर्ज केले, फिरून आले, गावात वीज हाय. राघोची नोकरी गेली, तो आता भिवंडीजवळ कोनला गोदामात ड्युटीला जातो. केसरीनाथनं पाट परत विहिरीत सोडला. मीच सांगितलं सोड, माशा तरी कशाला.

शहाण्णव साली एक बाई आणि एक बुवा शहरातून आले होते, पाठीला पिशव्या, हातात काचेच्या नळ्या. विहिरीवर बुडबुड्यांवर त्यांनी एक पेटी पालथी घातली आणि हवा भरून घेतली. बाई मला म्हणाली, "आजी, हा गॅस असा वर सुटला की सगळ्या जगाची हवा तापते. वीज तयार करताना कुठं किती गॅस सुटतो ते आम्ही मोजतोय. इथं वीज किती तयार होते?"

मी म्हटलं, "वीज न्हाय होत."

"मग गॅस?"

"तो होतो."

ती दोघं एकमेकांकडं बघायला लागली. बुवा म्हणाला, पण यादीत तर हे वीज केंद्र आहे. मी म्हटलं, "मंग असेल बाबा. सरकार खोटं कशाला बोलेल?" आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की शेवटी रडूच यायला लागलं. त्या बाईनं मला पाणी दिलं. माझ्याच घागरीतलं.

त्याच वर्षी मे महिन्यात महादू बकुळेला घेऊन आला. सुट्टीभर तिला ठेवून जाणार होता. मी चार दिवस आधीपासून घर सारवत होते. करवंदं आणून ठेवली, ताडगोळे आणले, तांदळाच्या शेवया केल्या. पोर शाळेत जाणारी झालेली, दोन वेण्या, फटाफट हिंदी बोलणारी. दिवसभर खेळली, गुरांच्या मागं पळाली. मला वाटलं, जमलं. तिन्हीसांजेला मी चिमणी लावली आणि तिला जेवायला हाक मारली. ती पडवीतून आतच येईना. दारात उभी राहून आत बघत होती.

"ये गं माझे बाय, शेवया केल्यात."

"पप्पा, घर चलो," ती म्हणाली.

महादू म्हणाला, "अगं, हेच घर हाय आपलं. मी इथंच जन्मलो."

"झूठ." तिनं भिंत चाचपली, दाराची एक बाजू, मंग दुसरी. "बटण किधर है? अपने घर में बटण है."

आणि रडायला लागली. मी उचलून घेतली तर हातपाय झाडायला लागली, मला ढकलायला लागली. मी तिला गोष्ट सांगते म्हटलं, वासरू दाखवते म्हटलं, पोर ऐकेचना. काळोख वाढला तशी घाबरून थरथरायला लागली. महादू माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं तिच्या चपला शोधल्या, खाली बसून एकेक करून तिच्या पायात घातल्या.

"आये," तो म्हणाला, "पडघ्याहून शेवटची एस्टी मिळेल. हिला घरी घेऊन जातो."